विहिरीचं पाणी शेंदते, पण एक पुश-अप निघत नाही

प्रश्न : सर, माझं वय ४३, वजन ६२ किलो. गुहागरजवळ वाडीत राहते. नळाला पाणी दिवसाआड, त्यामुळे रोज पंधरा-वीस कळशा विहिरीतून शेंदते. सरपणही मीच फोडते. मुलगी कॉलेजात एनसीसीत आहे. तिच्याबरोबर पुश-अप करायला घेतले, तर एकही निघाला नाही. गुडघे टेकून केले तरी छाती खाली गेली ती वर येईना. दोन आठवडे रोज प्रयत्न केला, मनगटं तेवढी दुखायला लागली. घरातले म्हणतात, बायकांच्या हातात ती ताकद नसतेच. खरं आहे का? की माझं वय झालं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पंधरा-वीस कळशा शेंदणाऱ्या बाईच्या हातात ताकद नाही, हे मला कुणी सांगू नये. ताकद आहे, पण ती ओढण्याची आहे. राजू, म्हणजे कळशीचा दोर, ओढताना पाठ, दंडाचा पुढचा भाग आणि मूठ राबते. पुश-अपमध्ये ढकलायचं असतं. तिथे छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजू लागते. आपल्या आज्या पाट्यावर वाटण वाटायच्या तेव्हा हे स्नायू रोज कामाला लागायचे. मिक्सर आला आणि घरातलं ढकलायचं काम जवळजवळ संपलं. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणाऱ्या माणसालासुद्धा पहिल्या दिवशी पुश-अप जड जातो, मी पाहिलंय.

बायकांचं म्हणाल तर छाती-दंडाची ताकद पुरुषांपेक्षा सरासरीनं कमी असते, हे खरं. पण सराव केला की आपापल्या मानानं ती दोघांचीही सारखीच वाढते. आणि ४३ हे काही वय नव्हे.

आता हिशेब बघा. जमिनीवरच्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनातलं साधारण ६४ टक्के हातांवर येतं. तुमच्या बाबतीत ते ४० किलो झालं, म्हणजे दहा लिटरच्या चार भरलेल्या कळशा एका वेळी ढकलायच्या. गुडघे टेकलेत तर ४९ टक्के, सुमारे ३० किलो. हात फूटभर उंचीवर ठेवले तर ५५ टक्के. दोन फुटांवर ठेवले तर ४१ टक्के, जेमतेम २५ किलो. म्हणजे गुडघे टेकण्यापेक्षाही दोन फुटांचा आधार हलका. शिवाय त्यात टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत राहतं, पुढे जमिनीवर लागणारी सवय पहिल्या दिवसापासून लागते. म्हणून मी नवशिक्यांना गुडघ्यांवर बसवतच नाही. तुम्ही तर थेट शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीत.

हे मला माझ्याच हातानं शिकवलं. १९९४ च्या आषाढात विहिरीच्या वाटेवर शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हात शेवग्याच्या शेंगेसारखा झाला होता. मी शाळेत व्यायाम शिकवणारा माणूस, आणि मला एक जोर निघेना. मग पडवीच्या कठड्याला हात टेकून सुरुवात केली. कठडा जांभ्याचा, गिलावा नसलेला. पाच-सहा जोर झाले की तळव्यावर चिऱ्याच्या भोकांची नक्षी उमटायची, म्हणून गोणपाटाची घडी घालायला लागलो. किती झाले ते कोळशाने भिंतीवर रेघा ओढून मांडायचो. कठड्यावरून बाकड्यावर, बाकड्यावरून सगळ्यात खालच्या पायरीवर असा उतरत गेलो. दिवाळीआधी अंगण चोपून सारवलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्या अंगणात पहिला पुरा जोर निघाला. नाक जमिनीपासून चार बोटांवर होतं, आणि तो शेणाचा ओला वास मला आजही आठवतो.

तुम्ही स्वयंपाकाच्या ओट्यापासून सुरुवात करा. ओट्याची कड कोरडी हवी. तळवे खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवा. पाय मागे न्या आणि अंग साकवाच्या ओंडक्यासारखं सरळ धरा. मध्ये झोळ नको आणि ढुंगण वर नको. पोट आणि मांड्या आवळल्या की हे आपोआप जमतं. कोपरं दोन्हीकडे पसरू देऊ नका, ती अंगापासून अर्धवट मागे वळलेली असू देत, नाहीतर खांदा कुरकुरतो. छाती कडेला लागेपर्यंत श्वास घेत खाली या, सोडत वर जा. श्वास कोंडू नका.

आठ-आठचे तीन फेरे करा, मध्ये दोन मिनिटं थांबा. आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवस आड. तुम्ही रोज केलंत तिथेच चुकलं. स्नायू भरून येतो तो विश्रांतीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी छाती आणि दंड ठणकले तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत ते उतरतं. बारा-बाराचे तीन फेरे न थरथरता झाले की एक उंची खाली उतरा. ओट्यानंतर कठडा, मग बाकडं, मग पायरी, मग अंगण. बाकडं भिंतीला टेकवून ठेवा, ते सरकता कामा नये.

बाकड्यावर आलात की आणखी एक गोष्ट जोडा. अंगणात पुश-अपच्या स्थितीत या आणि मनात पाच मोजत सावकाश खाली उतरा. खाली टेकलात की गुडघे टेकून उठा, वर ढकलायचा हट्ट नको. स्नायूला वजन उचलण्यापेक्षा सावकाश उतरवणं जास्त झेपतं. असे तीन-चारच करायचे. माझ्या अनुभवात इतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत हात दिसायला तसेच राहतील, पण आकडा वाढेल. मेंदू आणि नसा आधी शिकतात, स्नायू मागून भरतो. ओट्यापासून अंगणापर्यंत तीन ते चार महिने धरा.

मनगटाचं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत जमिनीवर जाऊ नका. ओट्याची कड मुठीत धरली तर ते मागे फार मुडपत नाही, म्हणूनही ओटा बरा. शेंदण्याचा आणि व्यायामाचा वेळ वेगळा ठेवा. पाणी भरून आल्या आल्या करू नका, मूठ दमलेली असते. रक्तदाब असेल किंवा करताना छातीत कळ आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

जेवणाबद्दल एवढंच, की तुमच्या वजनाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं तरी हवीत. बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम मिळतात. मासळी नसेल त्या दिवशी पेजेबरोबर कुळथाची पिठी घ्या, एखादं अंडं खा. नुसत्या पेजेवर हे होणार नाही.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातला, वय १७. एका दमात तीस पुश-अप काढतो. पण क्रीडाशिक्षक म्हणतात, यातला एकही धरत नाही. असं का?

उत्तर : बाळा, कुणाला तरी बाजूनं मोबाईलवर चित्रण करायला सांग आणि स्वतः बघ. बहुतेक वेळा छाती अर्ध्यावरूनच परत येते आणि कंबर आधी खाली पडते. छातीखाली हाताची मूठ उभी ठेवायला मित्राला सांग. मुठीला छाती लागली तरच मोजायचा. पहिल्या दिवशी तिसाचे आठ झाले तरी चालेल. त्या आठांपासून सुरू कर आणि दर आठवड्याला एक-दोन वाढव.