प्रश्न तुमचे, उत्तर डॉक्टरांचं : दुखऱ्या पायाइतकंच चांगल्या पायाकडेही बघा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. आमची नागावला वाडी आहे. बीचवर गाडीला जुंपायची ती एक घोडी पायाला लागल्यावर मालकाने सोडून दिली, आम्ही घरी आणली. पुढचा डावा पाय गुडघ्याच्या खाली तारेने कापलाय. एक्सरेत हाड मोडलेलं नाही, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावलंय म्हणाले, ड्रेसिंग चालू आहे. पण पाय टेकतच नाही, दिवसभर तीन पायांवर उभी. अशक्त झालीय म्हणून भिजवलेले चणे आणि गूळ चालू केलाय. शेजारी म्हणतात रोज समुद्रात उभी करा, खाऱ्या पाण्याने जखम भरते. करू का? आणि पावसाळ्यात कसं सांभाळायचं?
– एक वाचक, नागाव

उत्तर : दादा, तुम्ही सगळं डाव्या पायाबद्दल विचारलंय, पण मला काळजी वाटतेय ती तिच्या पुढच्या उजव्या पायाची. घोड्याचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि तुमची घोडी तो सगळा एकाच पायावर घेऊन उभी आहे. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारे बारीक पडदे असतात, त्यांना रक्त मिळायचं तर पाय मधूनमधून उचलला जायला हवा, तो उचललाच नाही की पडदे सुटायला लागतात आणि हाड खुरातच खाली सरकतं. हा लॅमिनायटिस. अमेरिकेतला बार्बारो, २००६ चा केंटकी डर्बी जिंकलेला घोडा, दोनच आठवड्यांनी पुढच्या रेसमध्ये त्याचा मागचा उजवा पाय मोडला, मोठं ऑपरेशन झालं, मोडलेला पाय बरा होत होता, पण मागच्या डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला, नंतर पुढच्या दोन्ही पायांनाही, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला कायमचं झोपवावं लागलं.

म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ उजव्या खुराला हात लावून बघा. तासन् तास गरम राहतोय का, आणि खुराच्या वर, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर एरवी जेमतेम लागणारी नाडी जोरात उडतेय का. तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अजून एक, घोडी एकदम दुखरा पाय टेकायला लागली तर लगेच खूश होऊ नका, कधी कधी चांगला पाय जास्त दुखायला लागला म्हणूनही टेकते.

चणे आणि गूळ आजच बंद करा प्लीज. उभ्या घोड्याला इतका खुराक दिला तर त्यानेही लॅमिनायटिस होतो, पोटशूळ होतो तो वेगळाच. सुकं गवत भरपूर द्या, नुसत्या पेंढ्यात जीव नसतो. पाणी कायम समोर, थोडं मीठ. चारा वाळूवर टाकू नका, पोटात वाळू साठते.

समुद्र नको. बंद सुजेला गार पाणी चांगलं, पण तुमची जखम उघडी आहे, वाळू आत जाणार, आणि भुसभुशीत वाळूत टेंडनवर ताण येतो तो वेगळा. धुवायचं तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, बास. हळद, चुना, डिझेल काही नको. गुडघ्याखाली मांस नसतंच, कातडीखाली लगेच टेंडन आणि हाड, त्यामुळे जखम भरायला महिने लागतात, वर लाल मांस फुगून आलं तर ते डॉक्टरांनाच काढू द्या. जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर सांध्यात किंवा टेंडनच्या पिशवीत इन्फेक्शन असू शकतं, हे साध्या एक्सरेत कळेलच असं नाही, आणि पाय अजिबात न टेकण्याचं कारण तेच असू शकतं. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा, पेनकिलर पुरतेय का तेही. घरातली माणसांची गोळी अजिबात देऊ नका. डायक्लोफेनॅक ही पेनकिलर तर, ती दिलेलं जनावर मेल्यावर ते खाऊन गिधाडं मरतात म्हणून, २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, आपल्याच रायगडात म्हसळ्याच्या चिरगावला गिधाडं आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना? घोड्यांना तो फार पटकन होतो.

बँडेज दोन्ही पुढच्या पायांना, खाली कापसाचा जाड थर घालून, आणि उजव्या खुराखाली आधार कसा बांधायचा ते डॉक्टर किंवा चांगल्या नालबंदाकडून करून घ्या. गोठ्यात जांभ्यावर किंवा लादीवर उभी करू नका, सुका पेंढा वीतभर तरी जाड पसरा म्हणजे तिला आडवं व्हावंसं वाटेल. आडवी झाली की तेवढा वेळ उजव्या पायाला सुट्टी. पावसाळ्यात ओला पेंढा रोज काढा, खूर रोज साफ करा नाहीतर खालून कुजतो, आणि माश्या बसू देऊ नका, जखमेत अळ्या पडतात. बँडेज भिजलं की त्याच वेळी बदला, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

सोडलेली घोडी आहे, तिचा इतिहास माहीत नाही, तेव्हा ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्त तपासणी करून घ्या, तो माणसालाही होतो. रिपोर्ट येईपर्यंत वेगळी ठेवा, हातात ग्लोव्हज. अचानक काही झालं तर १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. गाडी ओढायला ती परत जाणार नाही हे आताच धरून चला, पण वाडीत लंगडत का होईना चरत फिरेल इतपत बरी होऊ शकते. मात्र उजव्या खुराचं हाड खाली सरकलं आणि औषधानेही दुखणं थांबेना असं झालं तर डॉक्टर तिला कायमचं झोपवायचं म्हणतील, तेव्हा फार दिवस ओढू नका.