ध्रुवाजवळच्या मगरी

प्रश्न : कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एलस्मियर बेटावर मगरींसारख्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत. ते बेट तेव्हा विषुववृत्ताजवळ होते काय?

उत्तर : नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळातही, हे बेट आर्क्टिक वृत्ताच्या बरेच आत होते; बदलले ते हवामान. हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच जास्त असल्याने तेथे ऊब होती आणि दलदलीची जंगले, कासवे, टॅपिर (आखूड सोंडेचे, डुकरासारखे दिसणारे प्राणी) आणि अ‍ॅलिगेटरचे नातेवाईक नांदत होते. मात्र हिवाळ्यातला काही महिन्यांचा अंधार त्यांनी कसा काढला असेल, हे अधिक कुतूहलाचे. शेजारच्या अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावरील, साधारण ४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या मेटासेक्वोया वृक्षांच्या बुंध्यांचा तर दगडही झालेला नाही : ते लाकूड आजही करवतीने कापता येते आणि पेटवले तर जळतेसुद्धा.