लेकीच्या पैशाला हात कसा लावू?

'लेकीचे पैसे आहेत, माझ्या हातून बुडाले तर?' ही काळजी घेऊन माझ्याकडे आर्थिक सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक आयाच असतात. नौपाड्यातल्या या ताईंच्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत) नवऱ्यामागे वर्षभरात सासरेही गेले. जाताना मृत्युपत्रात सात वर्षांच्या नातीला अठरा लाख ठेवून गेले. पैसे मुलीच्या बचत खात्यात जमा झाले, ते दोन वर्षं तिथेच. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, तिला दोन रबरबँड. आणि याच दोन वर्षांत ताईंनी शाळेच्या फीसाठी पाटल्या सोनेतारणात ठेवलेल्या!

"तिच्या पैशाला हात कसा लावू?"

"ताई, फी कोणाची भरताय?"

वडिलांनंतर आई नैसर्गिक पालक, असं १९५६ चा हिंदू पालकत्वाचा कायदा सांगतो. मुलाच्या हितासाठी गरजेचा खर्च पालकाला करता येतो. फी त्यात बसते. पावत्या एका वहीत लावून ठेवा, एवढंच म्हटलं. पाटल्या मात्र पगारातूनच सोडवणार, यावर त्या ठाम होत्या.

'निदान सुरक्षित तरी आहेत' हा त्यांचा दिलासा मला मोडावा लागला. बँक बुडाली तर विम्याचं संरक्षण एका बँकेत पाच लाखांपर्यंतच. अठरा लाख एकाच ठिकाणी होते.

खरा तिढा होता भावजींचा. नवी मुंबईत उलव्याला बांधकाम चालू असलेला फ्लॅट मुलीच्या नावावर बुक करायचा त्यांचा आग्रह. माणूस वाईट नाही, भावाच्या लेकीचं भलंच व्हावं असं त्याला वाटतं. पण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कॉलेजच्या फीला पैसे लागले तर अर्ज, वकील, तारखा. तासातला बराच वेळ आम्ही भावजींना काय सांगायचं यावरच घालवला. व्याजदराला दहा मिनिटं पुरली. (अशा केसेसमध्ये हे नेहमीचंच.) 'नको' म्हणायची ताईंना भीती वाटत होती, 'पुढे कोर्टाची परवानगी लागते हो' हे त्यांना जमण्यासारखं होतं.

मुलगी नऊ पूर्ण. सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, म्हणून ते आधी उरकलं. तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं. वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाही, त्यामुळे बाकीची रक्कम तीन बँकांत मुदत ठेवींत. दरवर्षी एक मोडायची, त्यातून फी आणि सुकन्याचा हप्ता. म्युच्युअल फंडात थोडेच, दहा वर्षं लागणार नाहीत तेवढे. तिथे खातं एकट्या मुलीचं, आई पालक, आणि पैसे काढले तर मुलीच्याच बँक खात्यात जमा होतात. ठेवींचं व्याज आईच्या उत्पन्नात धरलं जातं, हे सीएंना आठवणीने सांगायला लावलं.

"अठराची झाली की सगळं तिच्या हातात. उधळलं तर?" ही पुढची काळजी. ते कायद्याने थांबवता येत नाही. आत्तापासून तिला शेजारी बसवून पासबुक भरून घ्या, प्रत्येक नोंद तिलाच वाचायला लावा, असं सुचवलं. ते सुरू झालंय. भावजी अजून जरा फुगलेले आहेत.