नोंद कुठंय?

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू एकच वाक्य तीनदा म्हणालीस, "काका, महिन्यापूर्वी जास्त चांगलं दिसत होतं." मी विचारलं, किती चांगलं? तू म्हणालीस, "म्हणजे... बरं दिसायचं." तिथं माझं डोकं फिरलं. फोन ठेवून दिला त्याबद्दल माफ कर. ३२ वर्षं तलाठी होतो. "पूर्वी आमचा बांध तिकडे होता" म्हणणाऱ्याला मी एकच विचारायचो, नोंद कुठंय?

डॉक्टरांनी तुला सगळं सांगितलंच असेल, पण घाबरून तू अर्धंच ऐकलंस असा माझा संशय आहे. नेत्रदानातून तुला बसवलेलं पटल, म्हणजे बुबुळावरचा आरपार पडदा (कॉर्निया), मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते काचेसारखं आरपार असतं आणि म्हणूनच त्याची जखम भरायला महिनेच्या महिने लागतात. कडेनं केसाहून बारीक नायलॉनचे १६ टाके. गोधडीचा एक दोरा जास्त ओढला की अख्खी कड चुरमडते ना, तसंच हे. एखादा टाका घट्ट बसला की गोलाई बिघडते, दिवा लांबुळका दिसतो, अक्षराला सावली येते. पुढं डॉक्टर पटलाचा उंचसखल नकाशा काढून कुठला टाका आधी काढायचा ते ठरवतील. तो निघाला की नंबर पुन्हा बदलेल. तेव्हा तिसऱ्या महिन्यात नजर वरखाली होणारच. पक्का नंबर टाके निघाल्यावर, वर्ष-दीड वर्षानं. तेव्हाही चष्म्यानं भागलं नाही तर कडक लेन्स लावावी लागेल.

पण वरखाली होणं वेगळं आणि नुसतं खालीच जाणं वेगळं. शरीर परक्या पटलावर उलटतं तेव्हा नजर खाली जाते. हे वर्षांनंतरही होऊ शकतं. हा फरक आठवणीवर विसंबून कळत नाही. नोंद कर.

शरीरानं पटलावर उलटू नये म्हणून दिलेले थेंब सकाळी घालायच्या आधी, रोज त्याच उजेडात, भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभी राहा. चांगला डोळा तळव्यानं झाक, दाबू नकोस. तारखेचा मोठा आकडा कितव्या फरशीवरून दिसला, तिथीची बारीक ओळ कितव्या फरशीवरून लागली, ते लिही. लाली, उजेड खुपणं, दुखणं, यातलं काय आहे ते लिही. थेंब किती वाजता घातले, तेही. बस. दिवसातून एकदा. तू तासातासाला मोबाईल लांब-जवळ धरून बघतेस ना, ती नोंद नव्हे, ती छळवणूक. आणि डोळा चोळायचा नाही, हे तुला सांगायला नको.

१९०५ च्या डिसेंबरमध्ये मोराव्हियातल्या (आजचा चेक प्रजासत्ताक) ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरानं चुन्यानं डोळे भाजलेल्या एका मजुराला ११ वर्षांच्या मुलाच्या पटलाचे दोन तुकडे बसवले. दोनपैकी एकच टिकला. पुढच्या वर्षी त्यानं ते छापून प्रसिद्ध केलं. नोंद केली म्हणून आज तुला-मला माहीत.

माझं पहिलं पटल १९९६ चं. दोन वर्षं झकास चाललं. गावाच्या प्रत्येक बांधाची, विहिरीची, आंब्याच्या झाडाची नोंद माझ्या दप्तरात, आणि स्वतःच्या डोळ्याची एक ओळ नाही! थेंब महाग, म्हणून मी ते मनानंच कमी करत आणले होते. १९९८ च्या वसुबारसेला डोळा लाल झाला. फटाक्यांचा धूर, म्हटलं. भाऊबीज झाली, मग तालुक्याला बैठक. अखेर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, "दोन-तीन दिवस." मागून ही म्हणाली, "वसुबारसेपासून." पटलाच्या आतल्या थरातल्या पेशी पाणी उपसून ते स्वच्छ ठेवतात. त्या मेल्या की नव्या येत नाहीत. माझं पटल फुगलं, दुधाळ झालं, गेलं. कुणीतरी आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर सहा तासांच्या आत रडणं बाजूला ठेवून होकार दिला होता, त्याचं मी हे केलं. लोकांना अजून सांगतो, धुरानं गेलं. धूर नव्हता.

दुसरं पटल २००१ साली मिळालं, त्या दिवसापासून वही. आमच्या हिला त्या वह्यांचा राग आहे, मुलगा 'डोळ्याचा सातबारा' म्हणून हसतो. हसू देत. २००९ मध्ये लाली नाही, ठणका नाही, फक्त तिथीची ओळ वाचायला एका रात्रीत दोन फरश्या पुढं जावं लागलं. तडक गेलो. तिथले डॉक्टर वरवर बघून म्हणाले, ठीक आहे, वयानं होतं. मी वही टेबलावर ठेवली आणि उठलोच नाही. बाहेर रांग ओरडत होती. त्यांनी यंत्राखाली पुन्हा नीट बघितलं, तर आतल्या बाजूला बारीक ठिपके, शरीर पटलावर उलटू लागल्याची खूण. तासातासाला थेंब सुरू झाले. पटल वाचलं. हे पत्र मी त्याच डोळ्यानं लिहितोय. मग मी हट्टी का असेना?

तेव्हा 'बरं दिसायचं' हा शब्द माझ्यापुढं पुन्हा काढू नकोस. आणि लाली आली किंवा ओळ वाचायला अचानक पुढं जावं लागलं, तर मला फोन करत बसू नकोस. त्याच दिवशी दवाखाना, रविवार असो की गुढीपाडवा.

शनिवारी ये, भाकरी-पिठलं करायला सांगतो. येताना वही आण. शंभर पानी, रेघांची. मोबाईलमधलं लिहिलेलं मी बघणार नाही.

तुझा,
काका