आईला न सांगता सही कशी करू?

पत्र : ताई, माझ्या बाबांना (वय ७१) न्यूमोनिया झाला आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. तेरा दिवस झाले, मिरजेच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर म्हणतात, आता गळ्याला छिद्र पाडून नळी बसवू, सही करा. पुण्याहून आलेला दादा म्हणतो, आणखी हाल नकोत. आत्या म्हणते, हे बिल वाढवायचे धंदे, घरी घेऊन चला. गावी आईला आम्ही ‘बाबा वॉर्डात आहेत, बरे आहेत’ एवढंच सांगितलंय. तिला बीपी आहे, झेपणार नाही. परवा झोपेचं औषध कमी केल्यावर बाबांनी डोळे उघडले, पण माझा हात झटकून मान फिरवली. त्यांचे हात पट्ट्यांनी बांधलेत. आजवरच्या सगळ्या कागदांवर माझ्याच सह्या आहेत. उद्या काही झालं तर सगळे मलाच बोलतील. मी काय करू?
– एक मुलगी, तासगाव तालुका

उत्तर :

अगं, आधी त्या झटकलेल्या हाताचं बोलू. सह्या आणि बिलांच्या मधे तू ते एका वाक्यात उरकलंयस, पण मला वाटतं तुला झोप त्यामुळेच येत नाही. आयसीयूत असं फार रुग्णांचं होतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. संसर्ग, गुंगीची औषधं, रात्रंदिवस जळणारे दिवे, मॉनिटरचे आवाज यांनी मेंदू गोंधळतो. दिवस-रात्र कळत नाही, समोरचं माणूस ओळखू येत नाही. काही जण नळ्या उपसतात, म्हणून हात बांधतात. बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. उद्या आत जाशील तेव्हा त्यांचा चष्मा ने, कानाचं यंत्र वापरत असतील तर तेही ने. जवळ जाऊन सावकाश सांग : बाबा, मी आलेय, तुम्ही मिरजेला दवाखान्यात आहात, आज अमुक वार, दुपारचे चार वाजलेत. उत्तर येणार नाही, तरी रोज सांग. ‘मी बसलेय तोवर एक पट्टी सोडता येईल का,’ असं सिस्टरना विचार. पुष्कळदा सोडतात.

आता गळ्याची नळी. तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही. घसा आणि स्वरयंत्राला इजा होते आणि नळी सहन व्हावी म्हणून रुग्णाला गुंगीत ठेवावं लागतं. म्हणून साधारण दहा-पंधरा दिवसांनी व्हेंटिलेटर सुटण्याची चिन्हं नसली की डॉक्टर ट्रॅकिऑस्टॉमीचं, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचं बोलतात. तीत गुंगी कमी लागते, तोंड स्वच्छ ठेवता येतं आणि मशीनवरून हळूहळू उतरवणं सोपं जातं. पुढे गरज संपली तर नळी काढता येते, छिद्र भरून येतं. तेव्हा आत्याबाईंचा ‘धंदा’ इथे तरी लागू होत नाही. पण दादाची धास्तीही खोटी नाही. फुप्फुसं सावरलीच नाहीत, तर याच नळीवर माणूस महिनोन्‌महिने पडून राहू शकतो.

म्हणून डॉक्टरांना ‘नळी घालू का?’ हे विचारू नका, त्याचं उत्तर ते ‘हो’च देणार. विचारा : सगळं चांगलं झालं तर तीन महिन्यांनी बाबा कसे असतील? वाईट झालं तर कसे? आणि तुम्हाला स्वतःला कशाची शक्यता जास्त वाटते? हे राउंडमागे धावत विचारायचं नाही. बसून बोलायला वेळ मागा, तुम्ही भावंडं दोघंही हजर राहा आणि एकानं वहीत लिहून घ्या. (व्हॉट्सॲपवर रिपोर्ट मागवून दूरवरून निदान करणारा चुलतभाऊ प्रत्येक घरात असतो. त्याला ही बैठक झाल्यावरच कळवा.)

पण ती उत्तरं मिळाल्यावरही एक गोष्ट डॉक्टर सांगू शकणार नाहीत. तशा अवस्थेत जगणं तुझ्या बाबांना चाललं असतं का? ते तुलाही ठाऊक नाही, दादालाही नाही. ज्या बाईला ठाऊक असेल, तिला तुम्ही गावी ‘वॉर्डात आहेत’ सांगून बसवून ठेवलंय.

आईला सांगा. मायेपोटीच लपवलंत, पण आईच्या वयाच्या बाईनं घरातली मोठी माणसं आपल्या हातांनी सांभाळून निरोप दिलेली असतात. आजारपण काय ते तिला कळतं, आणि तुमच्या आवाजावरून अर्धं कळलंही असेल. बीपी असेल तर तिच्या डॉक्टरांना आधी सांगा, गोळी चुकवू नका. आणल्यावर आयसीयूच्या दारात नेण्याआधी बाहेर बसवून काय काय दिसेल ते सांगा : नळ्या, सूज, बांधलेले हात. मग विचारा. ‘नळी घालायची का?’ असं नको, तो भार तिच्यावरही टाकायचा नाही. विचारा की भावकीत कुणी अंथरुणाला खिळलं होतं, तेव्हा बाबा घरी येऊन काय म्हणाले होते? स्वतःच्या मरणाबद्दल न बोलणारे पुरुष दुसऱ्याच्या आजारपणावर मात्र भरभरून बोलतात, आणि ते बायकोपाशीच बोलतात.

त्यातून ‘जमेल ते करून बघा’ असं निघालं, तर डॉक्टरांशी मुदत ठरवा. नळी घालू, दोन आठवडे पूर्ण उपचार करू, मग पुन्हा बसू. ‘असं पडून राहायचं नाही’ असं निघालं, तर तेही स्पष्ट सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानं आणि २०२३मध्ये सोप्या केलेल्या नियमांनी, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवता येतात. रुग्णानं आधी लिहून ठेवलेलं नसलं तरीही. त्यासाठी हॉस्पिटलची डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात आणि घरच्यांची संमती घेतात. म्हणजे हा निर्णय एकट्या मुलीच्या सहीवर होतच नाही.

आत्या म्हणतात तसं ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर सही करून तडकाफडकी घरी नेणं मात्र मला पटत नाही. शेवटचा श्वास घरात जावा ही इच्छा मी समजू शकते. पण मशीन काढलं की माणसाला धाप लागते, आणि ती शांत करणारं औषध आणि ते देणारं माणूस घरी नसतं. न्यायचंच ठरलं तर पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारा डॉक्टर गाठा आणि धाप व वेदनेची औषधं, ऑक्सिजन यांची सोय लावूनच रुग्णवाहिका बोलवा.

पैशांचं तू लिहिलं नाहीस, तरी महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) विचार. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेट.

आणि सह्या. आजवर तू केल्यास, कारण रात्री-अपरात्री दारात तूच उभी होतीस. पुढच्या कागदावर दादाचीही सही घे, आणि काय ठरलं, कोण कोण हजर होतं ते वहीत तारखेसह लिही. त्यानंतर बोलायला येणाऱ्यांना दादाकडे पाठव.

आईला आणायला गाडी घेऊन तू जा, फोनवर सांगू नकोस. त्या रात्री दवाखान्यात दादा थांबेल. तू आईजवळ झोप.