हाताला यशच नाही?

प्रश्न : औसा तालुक्यात माझी पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. यंदा सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून वाटतं, माझ्या हाताला यशच नाही. हरभऱ्याची पेर तोंडावर आली. घरचं बियाणं आहे, पण पोतं सोडायचंही मन होत नाही. काय करावं?

उत्तर : दुबार पेरणीचा फटका खरा आहे. बियाणं, खत, मजुरी, सगळं दोनदा गेलं. 'मनावर घेऊ नका' म्हणून ते मिटत नाही. घोळ होतो तो पुढच्या वाक्यात. एका पेरणीवरून सगळ्या शेतीचा आणि शेवटी स्वतःचाही निकाल लावून टाकणं, याला अतिसामान्यीकरण म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्यातल्या विचारांच्या ज्या चुका मांडल्या, त्यांतली ही एक.

मराठीत ती 'च'वरून सापडते. यशच नाही, कधीच नाही, कुणीच नाही. मनात येईल ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवा आणि 'च'खाली रेघ मारा. मग मागच्या ५ वर्षांचे खरीप-रब्बी मिळून १० हंगाम लिहा : काय पेरलं, किती पोती झाली, बिघडलं तर कशानं. हे आठवणीवर लिहू नका. मन खचलेलं असलं की बुडालेले हंगाम आधी आठवतात. आडतीच्या पट्ट्या आणि सातबाऱ्यावरचा पीकपेरा समोर घेऊन बसा.

यंदाचं कारण नेमकं लिहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आत पेरलं होतं का? बी ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं का? पेरल्यावर पावसानं उघडीप दिली असेल तर तेही लिहा. ते तुमच्या हातातलं नव्हतं. मग वाक्य असं होईल : 'यंदा पहिल्या पावसावर पेरलं, पुढं ओल तुटली, सोयाबीन उगवलं नाही.' त्याऐवजी 'आता सगळं चांगलंच होईल' असं लिहाल तर तिथंही 'च' आलाच. मनाला ते पटत नाही आणि चार दिवसांत जुनं वाक्य परत येतं.

आता पोतं सोडा. हरभऱ्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. त्याआधी, किती उगवतील असं मन म्हणतंय तो आकडा वहीत लिहा. आठवड्यानं कोंब मोजा आणि तो आकडा शेजारी मांडा.

दोन आठवडे झोप-जेवण तुटलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मात्र वहीवर थांबू नका. घरात सांगा, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.