चार्ल्स आइव्ह्जच्या ऑर्गनरचना वाजवायला सुरुवात करताना

सुरुवात ‘व्हेरिएशन्स ऑन अमेरिका’पासूनच करा, म्हणजे ‘अमेरिका’ या गीताच्या चालीवर रचलेल्या व्हेरिएशन्सपासून (एकाच चालीच्या बदलत्या रूपांपासून). अमेरिकन संगीतकार आइव्ह्ज (१८७४–१९५४) कनेटिकटमधल्या डॅनबरीचे. चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या या मुलाने ही रचना १८९१ मध्ये, सतराव्या वर्षी लिहिली. तिची छापील आवृत्ती १९४९ची आहे.

खरी कसोटी पहिल्या इंटरल्यूडमध्ये, म्हणजे व्हेरिएशन्सच्या मधल्या छोट्या तुकड्यात लागते. एक हात एफ मेजरमध्ये, दुसरा डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या स्वरसप्तकांत. दोन्ही हात एकाच मॅन्युअलवर (हातांनी वाजवायच्या कीबोर्डवर) ठेवले तर नुसता गोंगाट होतो, म्हणून दोन मॅन्युअल घ्या आणि स्टॉप (ऑर्गनचा आवाज बदलणाऱ्या कळी) अगदी वेगळ्या आवाजांचे निवडा. आधी प्रत्येक हात स्वतंत्रपणे पाठ करा. एकत्र वाजवताना कान बेसूर ‘सुधारू’ पाहतो आणि बोट नकळत चुकीच्या पट्टीवर जातं. इथे स्वरलिपीवर विश्वास ठेवा.

शेवटच्या व्हेरिएशनची सूचनाच आहे, पेडल (पायांनी वाजवायच्या पट्ट्या) जमेल तितक्या वेगाने. महिनाभर निम्म्या लयीत, फक्त पायांनी वाजवा. घुमणाऱ्या हॉलमध्ये १६ फुटी, म्हणजे खालच्या खर्जाचे स्टॉप कमी करा, नाहीतर स्वर एकमेकांत मिसळतात.

त्यानंतर आइव्ह्जची तिसरी सिम्फनी ऐका. तिला १९४७ मध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि तिच्यात चर्चची स्तोत्रं ठिकठिकाणी भेटतात.